बर्फावरचा हिशेब

हॉकी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हिरवं मैदान येतं आणि ध्यानचंदांचं नाव ओठांवर येतं. पण ज्या देशात वर्षातले चार-पाच महिने नद्या-तळी गोठलेली असतात, तिथं हॉकी म्हणजे बर्फावरची हॉकी. कॅनडा हे तिचं माहेर. आपल्याकडे लडाखमध्येही हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवर मुलं-मुली हा खेळ खेळतात. पायात धारदार पात्यांचे बूट, हातात लांब दांडा, आणि चेंडूच्या जागी 'पक' नावाची रबराची चपटी, टणक चकती. एका बाजूला सहा खेळाडू. एक गोलरक्षक, दोन बचाव करणारे आणि तिघं आघाडीचे. खेळ इतका वेगवान की आघाडीचा खेळाडू एका दमात जेमतेम पाऊण मिनिट बर्फावर असतो. मग तो धापा टाकत बाकावर येतो आणि दुसरा कुंपणावरून आत उडी घेतो.

आज मला बोलायचं आहे ते या आघाडीच्या खेळाडूंविषयी. त्याला निमित्तही आहे. ६ एप्रिल २०२५ रोजी न्यूयॉर्क आयलँडर्स संघाच्या मैदानावर अलेक्झांडर ओवेच्किन या वॉशिंग्टनकडून खेळणाऱ्या रशियन खेळाडूनं नॅशनल हॉकी लीगमधला आपला ८९५ वा गोल केला. वेन ग्रेट्स्कीच्या ८९४ गोलांचा विक्रम मोडला. हा विक्रम कधीच मोडणार नाही असं जाणकार वर्षानुवर्षं सांगत आले होते. ओवेच्किन तेव्हा एकोणचाळीस वर्षांचा होता. गोल झाल्यावर त्यानं लहान मुलासारखं बर्फावर पोटावर लोटांगण घातलं. ग्रेट्स्की स्वतः तिथं हजर होता.

योगायोग असा, की ग्रेट्स्कीनं ८९४ गोल केले ते एकूण १,४८७ सामन्यांत. आणि ओवेच्किनचा ८९५ वा गोल झाला तोही त्याच्या १,४८७ व्या सामन्यात. म्हणजे सामने तेवढेच, गोल एक जास्त. आता याहून स्वच्छ हिशेब कुठला? निकाल लागला, वाद मिटला, असं कुणालाही वाटेल.

पण वाद मिटला नाही. उलट तो नव्यानं पेटला. आपल्याकडे शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर गावसकर मोठा की तेंडुलकर, हा वाद जसा चहाबरोबर चालत राहतो, तसा कॅनडातल्या घराघरांत रिशार मोठा की हाउ, ग्रेट्स्की मोठा की लेम्यू, हा वाद पिढ्यान् पिढ्या चालत आलेला आहे. मी कविता लिहिणारा माणूस. आम्हालाही लोक विचारतात, तुकोबा मोठे की मर्ढेकर? आपण हसून वेळ मारून नेतो. पण खेळात आकडे असतात, म्हणून तिथं हसून सुटका होत नाही. आकडे उत्तर मागतात. तेव्हा म्हटलं, हे आकडेच एकदा नीट मांडून बघावेत.

गोलांच्या या विक्रमाची एक गंमत आहे. १९५२ सालापासून आजवर तो फक्त चार माणसांकडे राहिला. मोरिस रिशार, गॉर्डी हाउ, वेन ग्रेट्स्की आणि ओवेच्किन. सत्तर वर्षांहून अधिक काळ आणि माणसं चार. त्यांची ओळख करून घेऊ.

पहिला मोरिस रिशार. जन्म १९२१ चा, मॉन्ट्रियलचा. वडील रेल्वेच्या कारखान्यात कामाला. घरची भाषा फ्रेंच. त्याच्या वेगामुळे लोक त्याला 'रॉकेट' म्हणत. १९४४-४५ च्या मोसमात त्यानं ५० सामन्यांत ५० गोल केले. एका मोसमात पन्नास गोल त्याआधी कुणीच केले नव्हते. लगेच शंकेखोर म्हणाले, त्यात काय मोठं, तेव्हा महायुद्ध चालू होतं, चांगले खेळाडू सैन्यात होते. शंका रास्त होती. रिशारनंही सैन्यात जायचा प्रयत्न केला होता. पण आधीच मोडलेल्या हाडांमुळे त्याला परत पाठवलं गेलं. युद्ध संपलं, खेळाडू परतले आणि १९४६-४७ मध्ये रिशारनं ६० सामन्यांत ४५ गोल केले. शंकेला त्यानं दिलेलं उत्तर ते हेच. पन्नास सामन्यांत पन्नास गोल पुन्हा व्हायला १९८१ साल उजाडावं लागलं. मधे छत्तीस वर्षं गेली.

रिशारची गोष्ट मात्र गोलांपाशी संपत नाही. त्या काळच्या मॉन्ट्रियलमध्ये बहुसंख्य लोक फ्रेंच बोलणारे. पण कारखाने, बँका, मोठ्या कचेऱ्या इंग्रजी बोलणाऱ्यांच्या हातात. आपल्याच शहरात दुय्यम असल्याची सल त्या समाजात होती. अशा समाजाला रिशार हा आपला माणूस वाटला. मार्च १९५५ मध्ये बोस्टनच्या सामन्यात प्रतिस्पर्ध्याचा दांडा डोक्याला लागून तो रक्तबंबाळ झाला, चवताळला आणि त्या झटापटीत त्याचा हात एका पंचावर पडला. लीगचे अध्यक्ष क्लॅरेन्स कॅम्पबेल यांनी त्याला उरलेल्या मोसमातून आणि अंतिम फेऱ्यांतून काढून टाकलं. १७ मार्चला कॅम्पबेल मॉन्ट्रियलच्या मैदानात सामना बघायला आले. त्यांच्यावर अंडी-टोमॅटो फेकले गेले, कुणीतरी अश्रुधुराचं नळकांडं फोडलं, सामना थांबला, आणि लोंढा रस्त्यावर आला. दुकानं फुटली. दुसऱ्या दिवशी रिशारनं रेडिओवरून लोकांना शांत राहण्याची विनंती केली. शहर शांत झालं. माणसाचा आवाज काय करू शकतो, हे आज नभोवाणीवरून बोलताना मला मुद्दाम सांगावंसं वाटतं.

त्या वर्षी रिशार पहिल्यांदाच गुणांच्या यादीत अव्वल येणार होता. बर्फावरच्या हॉकीत गोल केला की एक गुण आणि गोलासाठी पास दिला की तोही एक गुण. अठरा वर्षांच्या कारकिर्दीत हा मान त्याला कधीच मिळाला नव्हता. बंदी आली आणि त्याचाच सहकारी बर्नी जॉफ्रियाँ एका गुणानं पुढे गेला. ७५ विरुद्ध ७४. आपल्याच संघाच्या चाहत्यांनी जॉफ्रियाँची हुर्यो उडवली. त्या बिचाऱ्याचा गुन्हा काय, तर त्यानं गोल केला! रिशारला तो मान पुढेही मिळाला नाही. आकड्यांच्या त्या रकान्यात तो आजही दुसरा आहे. मे २००० मध्ये तो गेला तेव्हा अंत्यदर्शनासाठी लाखाहून अधिक लोक रांगेत उभे होते. कुठल्या रकान्यात मांडणार ही रांग?

दुसरा गॉर्डी हाउ. सास्काचेवान प्रांतातल्या गवताळ माळरानावरचा, १९२८ चा जन्म. डेट्रॉइट संघाकडून तो १९४६ ते १९७१ अशी पंचवीस वर्षं खेळला. दोन्ही हातांनी सारख्याच सफाईनं दांडा चालवायचा. अंगानं दणकट, आणि कोपर असं मारायचा की समोरचा पुन्हा जवळ यायच्या आधी विचार करायचा. १९५० च्या मार्चमध्ये तो वेगात कडेच्या फळ्यांवर आदळला. कवटी फुटली. मेंदूवरचा दाब कमी करण्यासाठी डॉक्टरांना कवटीला भोक पाडावं लागलं. पुढच्याच मोसमात हा गडी गोल आणि गुण दोन्हींत लीगमध्ये पहिला आला. हाउचं मोठेपण एखाद्या चमत्कारिक मोसमात शोधू नये. ते त्याच्या टिकण्यात आहे. सलग वीस मोसम तो गुणांच्या यादीत पहिल्या पाचांत होता. निवृत्त झाला, मग दोन वर्षांनी आपल्या दोन मुलांबरोबर एकाच संघातून खेळायला दुसऱ्या लीगमध्ये परत आला. आणि १९७९-८० मध्ये, वयाची बावन्न वर्षं पूर्ण होत असताना, तो नॅशनल हॉकी लीगमध्ये पुन्हा ८० पैकी ८० सामने खेळला. १५ गोल केले. एकूण ८०१ गोल.

नेमका तोच मोसम तिसऱ्याचा या लीगमधला पहिला मोसम होता. वेन ग्रेट्स्की. ऑन्टॅरिओतल्या ब्रँटफर्ड गावचा, १९६१ चा जन्म. वडिलांनी घरामागच्या परसात पाणी ओतून, गोठवून केलेल्या बर्फावर तो शिकला. हाउ हे त्याचं दैवत. हाउच्या पाठीवर ९ आकडा असायचा. ग्रेट्स्कीला तोच हवा होता, पण कुमार संघात तो आधीच दुसऱ्याकडे होता, म्हणून त्यानं दोन नऊ घेतले. ९९. पुढे हा आकडा इतका मोठा झाला की आता लीगमधल्या कुठल्याच खेळाडूला तो दिला जात नाही.

ग्रेट्स्की ना फार वेगवान होता, ना दणकट. पण पक आता कुठे आहे यापेक्षा थोड्या वेळानं कुठे असेल, हे त्याला आधी दिसायचं. तो गोलच्या मागे जाऊन उभा राहायचा. तिथून गोल करता येत नाही, म्हणून तिथं उभं राहण्यात शहाणपणा आहे असं कुणाला वाटत नसे. हा तिथून दोन्ही बाजूंना बघत बसायचा, आणि गोलरक्षकाची मान ज्या बाजूला वळेल तिच्या विरुद्ध बाजूला पास द्यायचा. लोक त्या जागेला त्याचं 'ऑफिस' म्हणू लागले. १९८१-८२ मध्ये त्यानं ९२ गोल केले. रिशारचे पन्नास गोल पन्नास सामन्यांत झाले होते. ग्रेट्स्कीचे ३९ सामन्यांत. १९८५-८६ मध्ये एका मोसमात २१५ गुण. आणि कारकिर्दीतले एकूण गुण २,८५७. त्यातले सगळेच्या सगळे ८९४ गोल पुसून टाका, नुसते दिलेले पास मोजा, तरी १,९६३ उरतात आणि तेवढ्यावरही तो सर्वकालीन गुणांच्या यादीत पहिलाच राहतो.

या चौघांच्या रांगेत पाचवा एक माणूस बसवावाच लागतो. त्याच्या नावावर गोलांचा विक्रम कधीच नव्हता. मारिओ लेम्यू. मॉन्ट्रियलचाच, १९६५ चा जन्म, पिट्सबर्ग संघाचा. उंच, धिप्पाड, आणि हाताची बोटं मात्र सतारियासारखी. १९८८-८९ मध्ये ८५ गोल, १९९ गुण. पण पाठीनं त्याचा छळ मांडला. वाकून बुटाची नाडी बांधणंही जमेना, ती दुसऱ्याला बांधावी लागे. जानेवारी १९९३ मध्ये त्याला कर्करोगाचं निदान झालं. हॉजकिन्स. २ मार्चला सकाळी किरणोपचाराची शेवटची बैठक झाली आणि त्याच रात्री फिलाडेल्फियात तो सामना खेळला. एक गोल केला, एक पास दिला. एरवी प्रतिस्पर्ध्याला शिव्यांची लाखोली वाहणारे तिथले प्रेक्षक उठून उभे राहिले. त्या मोसमात तो ८४ पैकी फक्त ६० सामने खेळला, तरी १६० गुण मिळवून यादीत पहिला आला. कारकिर्दीत एकूण सामने ९१५ आणि गोल ६९०. तो १,४८७ सामने खेळला असता तर? हा प्रश्न कॅनडात अजून विचारला जातो. या 'तर'ला कुठल्याच वहीत जागा नाही.

आता ओवेच्किन. १९८५ चा जन्म, मॉस्कोचा. त्याचं कौशल्य सांगायला सोपं आणि अडवायला अवघड. प्रतिस्पर्ध्याचा एक गडी शिक्षा होऊन बाहेर गेला की हा डाव्या बाजूच्या वर्तुळात जाऊन उभा राहतो. सगळ्या जगाला माहीत असतं की पक आता त्याच्याकडे येणार आणि तो तिथूनच फटका मारणार. पक येते. तो फटका मारतो. गोल होतो. वीस वर्षं हेच. त्याचं पदार्पण व्हायचं तो २००४-०५ चा अख्खा मोसम मालक-खेळाडूंच्या वादात रद्द झाला. पुढे आणखी एका वादात अर्धा मोसम गेला, मग कोविडनं दोन मोसम आखूड केले. नोव्हेंबर २०२४ मध्ये पायाचं हाड मोडलं. तरीही ८९५. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यानं ९०० चा टप्पाही गाठला.

माणसं समोर आली. आता तुलना करायची कशी?

पहिली अडचण मोसमाच्या लांबीची. रिशारच्या त्या मोसमात सामने ५०. हाउच्या बहराच्या काळात ७०. ग्रेट्स्कीच्या वेळी ८०. ओवेच्किनला ८२. दुसरी अडचण अधिक खोल आहे. गोल होणं किती सोपं किंवा किती कठीण होतं, हे काळागणिक बदलत गेलं. १९५९ साली जाक प्लान्त या गोलरक्षकानं तोंडाला मुखवटा लावला, तोवर गोलरक्षक उघड्या चेहऱ्यानं पकसमोर उभे राहत. ऐंशीच्या दशकात ते बहुधा उभ्यानंच खेळत. पुढे गुडघे टेकून, पाय दोन्हीकडे फाकून खालची सगळी जागा बंद करण्याची पद्धत रुळली. त्यांची पायरक्षकं रुंद झाली, अंगरखे फुगले, आणि गोलरक्षकांना शिकवायला स्वतंत्र प्रशिक्षक आले. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला गोलरक्षक शंभरातले साधारण ८७ फटके अडवायचा. २०१५ च्या सुमाराला ९१-९२. फरक चार-पाचाचा वाटतो, पण उलटीकडून बघा. आधी शंभरातले तेरा आत जायचे, मग आठ-नऊ. म्हणजे आघाडीच्या खेळाडूची एक-तृतीयांश कमाईच कापली गेली.

नियमही बदलले, आणि काही वेळा ते उत्तम खेळणाऱ्यांमुळेच बदलले. १९५६ पर्यंत शिक्षा झालेला खेळाडू पूर्ण दोन मिनिटं बाहेर बसायचा, मग त्या काळात कितीही गोल होवोत. रिशारचा मॉन्ट्रियल संघ त्या दोन मिनिटांत दोन-तीन गोल करू लागला. मग नियम आला, की एक गोल झाला की शिक्षा संपली. ग्रेट्स्कीच्या एडमंटन संघाला दोन्हीकडे चार-चार गडी असताना मोकळं रान मिळायचं. १९८५ मध्ये ते रानही नियमानं बंद केलं गेलं, आणि काही वर्षांनी पुन्हा उघडलं.

तेव्हा एक साधी युक्ती करू. त्या-त्या मोसमात एका सामन्यात दोन्ही संघांचे मिळून सरासरी किती गोल व्हायचे ते घेऊ. रिशारच्या १९४४-४५ मध्ये सव्वासातच्या थोडं वर. हाउनं ४९ गोल केले त्या १९५२-५३ मध्ये पाचाहूनही कमी, ४.८. ग्रेट्स्कीच्या १९८१-८२ मध्ये तब्बल ८. लेम्यूच्या १९८८-८९ मध्ये साडेसात. आणि ओवेच्किननं ६५ गोल केले त्या २००७-०८ मध्ये साधारण साडेपाच. आता सगळ्यांना ओवेच्किनच्या मापात बसवू. ८२ सामन्यांचा मोसम आणि सामन्यामागे साडेपाच गोल, असं धरलं तर कुणाचे किती गोल झाले असते? त्रैराशिक मांडा, शाळेतलंच आहे. रिशारचे ५० होतात ६१. हाउचे ४९ होतात ६६. ग्रेट्स्कीचे ९२ उतरून येतात ६५ च्या आसपास. लेम्यूचे ८५ येतात ६४ वर. आणि ओवेच्किनचे आहेतच ६५.

पन्नास, एकोणपन्नास, ब्याण्णव, पंच्याऐंशी, पासष्ट. वरवर एकमेकांपासून कोसभर लांब दिसणारे हे आकडे काळाचं ओझं उतरवल्यावर एका ओळीत येऊन उभे राहतात. हे त्रैराशिक ढोबळ आहे, हे मान्य. पण त्यातून मला जे दिसलं ते असं: एका हिवाळ्यात एक माणूस आपल्या काळापेक्षा किती पुढे जाऊ शकतो, याला बहुधा एक मर्यादा आहे, आणि हे पाचही जण त्या मर्यादेला हात लावून आले. शिखर एकच होतं. कुणाच्या वाटेवर पायऱ्या खोदलेल्या होत्या, कुणाच्या वाटेवर काटे होते.

मग फरक उरतो तो इतर ठिकाणी. टिकण्यात हाउ. दुसऱ्याला गोल करू देण्यात ग्रेट्स्की. त्या बाबतीत त्याच्या आसपासही कुणी नाही. वेदना सोसून खेळण्यात लेम्यू. एका समाजाचा आवाज होण्यात रिशार. आणि एकच गोष्ट हजारदा तितक्याच जिद्दीनं करण्यात ओवेच्किन. आजचा कॉनर मॅक्डेव्हिड वेगात या सगळ्यांना मागे टाकेल. २०२२-२३ मध्ये त्यानं १५३ गुण मिळवले, ते या अडवणुकीच्या काळात. त्याचा हिशेब अजून मिटायचा आहे.

इथं थांबता आलं असतं. हिशेब जुळला, सगळे समसमान मोठे ठरले, कुणाचं मन दुखावलं नाही. पण वही मिटण्याआधी एक गोष्ट राहते. आपण प्रत्येकाला त्याच्या समकालीनांशी ताडून पाहिलं. हे समकालीन कोण होते? कुणाला समकालीन होऊ दिलं गेलं?

रिशार आणि हाउ यांच्या काळात लीगमध्ये संघ सहा होते. सगळे मिळून खेळाडूंच्या जागा शे-सव्वाशे. त्या जवळजवळ सगळ्या गोऱ्या कॅनेडियन तरुणांच्या. त्याच वर्षांत क्यूबेक प्रांतात हर्ब कार्नेगी नावाचा आघाडीचा खेळाडू होता. टोरोंटोत जन्मलेला, आईवडील जमैकाहून आलेले. रंग काळा. तिथल्या प्रांतिक लीगमध्ये सलग तीन वर्षं तो सर्वोत्तम खेळाडू ठरला. पुढे मॉन्ट्रियलचा महान खेळाडू झालेला जाँ बेलिव्हो तरुणपणी त्याच्याबरोबर खेळला आणि आयुष्यभर त्याच्या खेळाची वाखाणणी करत राहिला. १९४८ मध्ये न्यूयॉर्क रेंजर्सनं कार्नेगीला चाचणीला बोलावलं. खालच्या दर्जाच्या संघात, आहे त्यापेक्षा कमी पगारावर, जागा देऊ केली. घरी बायको-मुलं होती. त्यानं नकार दिला. नॅशनल हॉकी लीगमध्ये तो एकही सामना खेळला नाही. या लीगमध्ये पहिला कृष्णवर्णीय खेळाडू उतरला तो १८ जानेवारी १९५८ ला, बोस्टनचा विली ओ'री. त्याला एका डोळ्यानं दिसत नव्हतं, आणि ते त्यानं लपवून ठेवलं होतं. त्याच्यानंतरचा दुसरा यायला १९७४ साल लागलं. कार्नेगीला मानाच्या दालनात जागा मिळाली २०२२ मध्ये. तो २०१२ मध्येच गेला होता.

तशीच दुसरी भिंत राजकारणाची. सोव्हिएत संघातला व्हॅलेरी खार्लामोव्ह. १९७२ च्या सप्टेंबरमध्ये कॅनडाच्या व्यावसायिक खेळाडूंनी पहिल्यांदा सोव्हिएत संघाशी आठ सामन्यांची मालिका खेळली. आठही आपण जिंकणार, असं कॅनडातल्या जाणकारांना वाटत होतं. मॉन्ट्रियलच्या पहिल्याच सामन्यात सोव्हिएत संघ ७-३ नं जिंकला. खार्लामोव्हचे दोन गोल. सहाव्या सामन्यात बॉबी क्लार्कनं त्याच्या घोट्यावर दांडा हाणला. मालिका कॅनडानं जिंकली, अगदी शेवटच्या मिनिटाला. खार्लामोव्ह १९८१ मध्ये मोटार अपघातात गेला, वय तेहतीस. नॅशनल हॉकी लीगच्या वहीत त्याच्या नावापुढे शून्य गोलही नाहीत. त्याचं नावच नाही. १९८९ नंतर दारं उघडली आणि रशियन खेळाडू उघडपणे या लीगमध्ये येऊ लागले. खार्लामोव्हला बंद असलेल्या त्याच दारातून ओवेच्किन आत आला आणि त्यानं विक्रम केला. आज लीगमध्ये ३२ संघ आहेत, आणि स्वीडन, फिनलंड, चेक, रशिया, अमेरिका, सगळीकडचे खेळाडू आहेत. ओवेच्किनचे समकालीन अर्ध्या जगातून निवडून आलेले आहेत.

यावरून जुन्यांना लहान ठरवावं, असं मी म्हणत नाही. रिशारनं कार्नेगीला अडवलं नव्हतं. तो स्वतःच एका अडवल्या गेलेल्या समाजातून आला होता. ग्रेट्स्कीनंही सोव्हिएत खेळाडूंकडे कधी पाठ फिरवली नाही. १९८७ च्या सप्टेंबरमध्ये कॅनडा चषकाच्या अंतिम मालिकेत कॅनडा आणि सोव्हिएत संघ यांच्यात तीन सामने झाले. तिन्हींचा निकाल ६-५. तिसऱ्या सामन्यात ५-५ अशी बरोबरी असताना, दीड मिनिटाहून कमी वेळ उरला होता. ग्रेट्स्की पक घेऊन डावीकडून निघाला, गोल करणार असं वाटत असतानाच त्यानं ती मागून येणाऱ्या लेम्यूकडे सरकवली. लेम्यूनं ती वरच्या कोपऱ्यात मारली. ज्या दोघांना लोक वादात समोरासमोर उभं करतात, ते त्या रात्री एकाच गोलाचे दोन अर्धे होते. आणि तो गोल एवढा मोठा का ठरला? कारण समोर लारिओनोव्ह, मकारोव्ह, क्रुटोव्ह होते. प्रतिस्पर्धी लहान असता, तर तो गोल आज कुणाला आठवला असता?

माझ्या दृष्टीनं या सगळ्या तुलनेचं मोल इथं आहे. विक्रम करणाऱ्याची उंची त्याच्या प्रतिस्पर्ध्यांच्या उंचीवर उभी असते. ज्याला आपण मैदानाबाहेर ठेवतो, त्याचं नुकसान तर होतंच. पण आत असलेल्याचं मोठेपणही आपण थोडं कापून घेतो. रिशार कार्नेगीविरुद्ध खेळला असता, तर कदाचित त्याचे दोन-चार गोल कमी झाले असते. पण जे झाले असते, त्यांच्याविषयी कुणालाही शंका घेता आली नसती. भेदभावाचा हा तोटा पुष्कळदा लक्षात येत नाही. तो विजेत्याच्या खात्यातूनही वजा होतो.

तेव्हा कुणी विचारलं, यांच्यात सर्वांत मोठा कोण, तर मी काय सांगेन? ग्रेट्स्कीचं नाव घेईन, कारण दुसऱ्याच्या हाती गोल देणारा माणूस मला जास्त जवळचा वाटतो. तुम्ही हाउचं घ्याल, तर मी भांडणार नाही. वाद जरूर घालावा. त्या निमित्तानं नव्या पिढीला जुनी नावं कळतात, एरवी ती कोण काढतं? फक्त वाद घालताना आपल्या वहीत एक पान कोरं ठेवावं. ज्यांना खेळू दिलं गेलं नाही, त्यांच्यासाठी.

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)